नाकालाही भाषा लागते



आपल्या वर्गाच्या पत्रिकेत शब्दांवर लिहायचे म्हटले की बहुतेक लेख मराठी शब्दांवर असतात, आणि ते योग्यच आहे. या वेळी मात्र आम्ही सुरुवात एका इंग्रजी शब्दापासून करणार आहोत. शब्द आहे 'मेफिटिक'. इंग्रजी पुस्तके भरपूर वाचणाऱ्या मुलांनाही तो सहसा ठाऊक नसतो, आणि ज्यांना ठाऊक असतो त्यांनी तो बोलताना कधी वापरलेला नसतो. अर्थ असा : नाक दाबून पळावे असे वाटायला लावणारा, घातक, विषारी दुर्गंध ज्याला आहे तो. नाम 'मेफिटिस', विशेषण 'मेफिटिक'.

शब्द दुर्मिळ असला तरी त्याचा मालक आपल्या बर्नाबीत रोज रात्री हिंडत असतो. काळ्या अंगावर दोन पांढरे पट्टे, झुबकेदार शेपूट, आणि चाल अशी की जणू रस्ता त्याच्या आजोबांनीच बांधला आहे. होय, स्कंक! या पट्टेवाल्या स्कंकचे शास्त्रीय नाव 'मेफिटिस मेफिटिस' असे आहे. १७७६ साली श्रेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याची नोंद करताना 'मेफिटिस' हे नाव त्याला दिले, पुढे तेच त्याच्या कुळाचेही नाव झाले, आणि बिचारा स्कंक दोनदा दुर्गंधी ठरला. आपल्याकडे एखाद्याचे नाव 'घाणेराव घाणे' ठेवावे तसाच हा प्रकार.

आता हा शब्द आला कुठून? रोमन लोकांच्या आधी इटलीच्या दक्षिण भागात सॅम्नाइट नावाचे लोक राहत. त्यांची मेफिटिस नावाची एक देवी होती. कॅम्पानिया प्रांतात रोका सान फेलिचे या गावाजवळ एक दरी आहे. रोमन तिला अँप्सँक्टस म्हणत. तिथे जमिनीतून आजही वायू बाहेर पडतो. त्यात मुख्यतः कार्बन डायॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. या दुसऱ्या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो. वाऱ्याचे चलनवलन थांबले की तिथे फिरकलेली जनावरे गुदमरून मरतात. या दरीच्या काठी मेफिटिसचे देवस्थान होते. रोम शहरातही तिचे देऊळ होते. उत्तरेकडच्या क्रेमोना शहरी ते तटाबाहेर होते, आणि सन ६९ मध्ये जेव्हा ते शहर जाळले गेले तेव्हा तेवढे एक देऊळ शिल्लक राहिले, असे टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो.

दुर्गंधाची देवी म्हटल्यावर इंग्रजी वाचकाला गंमत वाटते. मराठी माणसाला ती वाटू नये, कारण आपल्या गावोगावच्या वेशीवर मरीआई बसलेली असते. पटकीची साथ आली की तिला नैवेद्य दाखवायचा आणि तिचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडायचा, ही रीत आपल्या खेड्यांत कालपरवापर्यंत होती. देवीचा रोग आला की शीतलादेवीला शांत करायचे. ज्याची भीती वाटते त्याला नाव द्यायचे, त्याच्याशी बोलायची सोय करायची, ही माणसाची जुनी युक्ती आहे. मेफिटिस ही त्याच घरातली. जिथून जीव घेणारी हवा येते तिथे एक पायरी बांधायची, दिवा लावायचा, आणि पोराबाळांना सांगायचे, 'याच्या पलीकडे जायचे नाही.'

देवी मागे पडली, शब्द राहिला. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला. १७७२ साली एडिंबरोच्या डॅनियल रदरफर्ड या विद्यार्थ्याने जो प्रबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच कार्बन डायॉक्साइडसाठी 'मेफिटिक हवा' हा शब्द आहे. याच प्रबंधात त्याने नायट्रोजनचेही पहिले वर्णन केले. गंमत अशी की या दोन्ही वायूंना वास नाही. श्वास घेता येत नाही, दिवा विझतो, एवढ्यावरून त्यांना दुर्गंधाच्या देवीचे नाव चिकटले. म्हणजे या शब्दाच्या पोटात पहिल्यापासून दोन वेगवेगळ्या गोष्टींचा गोंधळ आहे : नाकाला जे वाईट वाटते ते, आणि शरीराला जे वाईट असते ते. आमचा आजचा सगळा लेख या गोंधळाविषयी आहे.

आधी नाकाची बाजू मांडू, कारण नाक हा फार गुणी नोकर आहे. स्कंक जो फवारा मारतो त्यात थायॉल नावाची गंधकाची संयुगे असतात. गंधकाचे मराठी नाव पाहा, नावातच गंध! कांदा, लसूण, हिंग, सडके अंडे, स्कंक, सगळ्यांच्या वासामागे हा एकच इसम उभा असतो. स्वयंपाकघरातल्या गॅसला मुळात वास नसतो. त्यात मुद्दाम थायॉलच्याच कुळातले, जुन्या भाषेत मरकॅप्टन म्हणतात तसले, द्रव्य मिसळलेले असते. इथल्या नळाच्या गॅसमध्ये असते आणि भारतातल्या सिलिंडरमध्येही असते. हवेच्या अब्जावधी भागांत एखादा भाग जरी असला तरी आपल्या नाकाला तो कळतो. ही पद्धत सक्तीची होण्यामागे एक दुःखद घटना आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावी शाळेच्या तळघरात बिनवासाचा गॅस साठत गेला, कुणाच्या लक्षात आले नाही, आणि स्फोटात सुमारे ३०० मुले आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसला वास लावण्याचे कायदे झाले. आज घरात तो वास येताच आपण दिव्याचे बटण न दाबता बाहेर पडतो आणि बाहेरून फोन करतो. मुलांनो, हे पाठच करून ठेवा. दुर्गंध हा इथे शत्रू नाही, पहारेकरी आहे.

स्कंकचेही तसेच. तो उगाच फवारा मारत नाही. आधी पाय आपटतो, शेपूट उभारतो, 'मागे व्हा' म्हणून सांगतो. जो ऐकत नाही त्याला प्रसाद मिळतो, आणि तो बहुतेक वेळा कुत्रा असतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्यासाठी : टोमॅटोचा रस ओतू नका, त्याने कुत्रा फक्त लाल होतो. क्रेबॉम नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय करा. ३ टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड एक लिटर, खाण्याचा सोडा पाव कप, भांडी घासायचा पातळ साबण चमचाभर. ताजे कालवायचे, डोळे सांभाळून अंगाला चोळायचे, पाच मिनिटांनी धुवायचे. उरलेले बाटलीत भरून ठेवायचे नाही, बाटली फुटते. थायॉलचे रूप बदलून वास नाहीसा होतो. उपाय सापडला, कारण कुणीतरी 'शी, घाण!' म्हणून थांबले नाही, तर हा वास नेमका कशाचा असे विचारले.

आता मराठीकडे वळू. इंग्रजीत 'मेफिटिक' सारखा शब्द शोधायला शब्दकोश उघडावा लागतो. आपल्याकडे असले शब्द स्वयंपाकघरात फडताळावर ठेवलेले असतात. पाहा बरे :

पावसाळ्यात नीट न वाळलेल्या कपड्यांना येतो तो कुबट वास. बंद खोलीतली हवा कोंदट. जुन्या तेलाचा, ठेवणीतल्या खोबऱ्याचा किंवा शेंगदाण्यांचा खवट. भिजवून विसरलेल्या पिठाचा आंबूस. तळाला लागलेल्या दुधाचा करपट. चुलीपाशी बसलेल्याच्या अंगाला धुरकट. कच्च्या अंड्याचा, मासळी धुतलेल्या भांड्याचा हिंवस; काही घरांत त्यालाच हिमूस म्हणतात. सडत चाललेल्या पाल्याचा कुजकट. घामाचा किंवा औषधाचा दर्प. झाकण उघडताच अंगावर येतो तो भपकारा. उग्र म्हणजे वाईटच असे नाही. लसणाची चटणी उग्र असते आणि तीच हवी असते. चांगल्या बाजूला खमंग, खरपूस, घमघमाट, दरवळ, परिमळ. फोडणीचा वास खमंग असतो, तो दरवळत नाही. मोगरा दरवळतो, तो खमंग नसतो. हा फरक आपल्या आजीला कुणी शाळेत शिकवला नव्हता.

जुन्या बोलण्यात आणखी एक सोय होती. करपटाण, जळकटाण, कुजकटाण असे शब्द आज्या सहज वापरत. शेवटचा 'आण' हा 'घाण' शब्दाचाच उरलेला तुकडा. आणि हा 'घाण' शब्द तरी कुठला? संस्कृतातल्या 'घ्राण' शब्दाचा. घ्राण म्हणजे वास घेणे, किंवा नाक. घ्राणेंद्रिय हा शब्द आपण शास्त्राच्या पुस्तकात वाचतो. मूळ शब्दात वाईट असे काहीच नव्हते. इंग्रजी 'स्टेंच' आणि 'स्टिंक' यांचीही हीच कथा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्यांचा अर्थ नुसता वास, चांगलाही आणि वाईटही. फुलेसुद्धा 'स्टिंक' करीत! फारसीतला 'बू' शब्दही मुळात सरळ होता, म्हणून तर खुशबू आणि बदबू असे दोन शब्द करावे लागले. आणि आज मराठीत नुसते 'वास येतोय' म्हटले तरी ऐकणारा नाकाला रुमाल लावतो. भाषा कुठलीही असो, वासाचे शब्द घसरतात, आणि घसरतात ते नेहमी खालच्याच बाजूला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ज्यांना असे शब्द गोळा करायचे असतील त्यांनी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चाळावा. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली दुसरी १८५७ ची, आणि आज ती संगणकावर फुकट पाहता येते.

कुणी म्हणेल, वासाला शब्द कशाला हवेत? नाक आहे ना! यावर एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. मलाय द्वीपकल्पाच्या जंगलात जहाई नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेत वासांसाठीच असलेले डझनभर शब्द आहेत. उदाहरणार्थ पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा यांच्या वासात जे सारखे आहे त्याला एक शब्द. २०१४ मध्ये आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट या संशोधकांनी जहाई लोकांना आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना तेच वास आणि तेच रंग दाखवले. इंग्रजी बोलणाऱ्यांना रंगांची नावे चटकन आली, वासांपुढे मात्र ते अडखळले आणि प्रत्येकाने वेगळेच काही सांगितले. जहाईंना दोन्ही सारख्याच सहजपणे सांगता आले. माणसाच्या नाकात खोट नाही. शब्द असले तर नाकाचे ज्ञान दुसऱ्याला देता येते.

आता आमचे गाऱ्हाणे. आपल्या घरांतून हे शब्द झपाट्याने चालले आहेत. इथे वाढणाऱ्या मुलांच्या तोंडी वासाचे दोनच शब्द उरले आहेत, 'यक' आणि 'स्मेली'. दूध नासले तरी यक, मोजे कुबटले तरी यक, लसूण सोलला तरी यक. आम्ही संगणकाच्या धंद्यातले. एकाच नावाखाली दहा निरनिराळ्या गोष्टी ठेवल्या की कार्यक्रमाचे काय होते ते आम्हाला पगार घेऊन पाहावे लागते. आमच्या धंद्यातसुद्धा बिघडू लागलेल्या कार्यक्रमाला 'कोड स्मेल' असे म्हणतात. केंट बेक यांनी काढलेला हा शब्द १९९९ च्या मार्टिन फाउलर यांच्या पुस्तकामुळे सगळीकडे पसरला. पण त्या पुस्तकातही 'वास येतो' एवढे म्हणून सोडलेले नाही. वासांची यादी आहे, प्रत्येकाला वेगळे नाव आहे, कारण प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. घरातही तेच. खवट असेल तर तेल टाकायचे, कुबट असेल तर कपडे परत वाळवायचे, करपट असेल तर गॅस बारीक करायचा, सडक्या अंड्याचा असेल तर घराबाहेर पळायचे. 'यक' म्हणणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही, फक्त तोंड फिरवता येते.

इथपर्यंत बहुतेक पालक आमच्याशी सहमत होतील. पुढचे जरा टोचेल, पण सांगितलेच पाहिजे.

नाक खबर देते. निकाल देण्याचा अधिकार त्याला नाही. निकाल देऊ लागले की काय होते ते मुंबईने पाहिले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९४ मध्येच हाँगकाँगला येर्सिनने प्लेगचा जंतू शोधला होता, तरी दुर्गंधी हवेतूनच रोग होतो हा शतकानुशतकांचा समज सरकारी डोक्यांतून गेलेला नव्हता. गटारांत जंतुनाशके ओतली गेली, गरिबांच्या घरांना चुना फासला गेला, सामान जाळले गेले, माणसे घराबाहेर काढली गेली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढले. त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे. मलेरियाचेही तेच. या नावाचा अर्थच मुळी इटालियन भाषेत 'वाईट हवा'; आणि १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला त्याचे जंतू सापडले ते डासाच्या पोटात. नाकाने घाण दाखवली ती खरी होती, स्वच्छता हवी हेही खरे होते. पण ज्यांच्या घरांना वास येत होता ती माणसेच रोगाचे कारण आहेत, असा जो निष्कर्ष काढला गेला तो खोटा होता. त्याच प्लेगमध्ये, १८९७ च्या मार्चमध्ये, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्या रुग्णांना दवाखान्यात आणून त्यांची शुश्रूषा करीत होत्या. ज्याच्याजवळ जायला इतर लोक धजत नव्हते त्याला त्यांनी हात लावला.

हाच मामला आपल्या मुलांच्या डब्यात रोज उघडतो. हिंगाला इंग्रजीत काय म्हणतात? असाफेटिडा. त्यातला 'असा' फारसी, म्हणजे डिंक. 'फेटिडा' लॅटिन, म्हणजे घाण वासाची. जर्मन लोक तर एक पायरी खाली जाऊन त्याला 'सैतानाची विष्ठा' म्हणतात. म्हणजे आपण फोडणीत घालतो तो पदार्थ त्यांच्या भाषेत नावापासूनच आरोपी आहे. कच्चा हिंग उग्र असतो, हे आपणही नाकारत नाही. तो गरम तेलात पडला की त्याचा खमंग होतो, हे ज्याने घरात पाहिले नाही त्याला नाव वाचून कळणार नाही. पण शाळेत जेवणाच्या सुट्टीत कुणी 'तुझ्या डब्याला वास येतो' म्हटले की आठ वर्षांच्या मुलाला हे भाषाशास्त्र सांगता येत नाही. ते मूल घरी येऊन एवढेच म्हणते, 'उद्यापासून ब्रेड दे.' आणि आपण देतो. डब्याबरोबर हिंग गेला, हिंगाबरोबर आमटी गेली, आणि आमटीबरोबर आईशी मराठीत बोलण्याचे निम्मे कारण गेले.

यावर उपाय म्हणून मुलांना भांडायला शिकवा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांना शब्द द्या. 'तो उग्र आहे, घाण नाही' हे वाक्य ज्या मुलाला मराठीत सुचते, त्याला इंग्रजीतही 'स्ट्राँग' आणि 'स्टिंकी' यांतला फरक ठासून सांगता येतो. ज्याच्या घरात सगळेच 'स्मेली' असते, त्याला शाळेत ऐकलेला आरोप खराच वाटतो.

आणि पालकहो, आरसा इकडेही फिरवू या. डब्यावरून आपल्या मुलाला कुणी बोलले की आपल्याला राग येतो. पण मुंबई-पुण्याच्या किती सोसायट्यांत मासे शिजवणाऱ्याला घर मिळत नाही? 'त्यांच्याकडे जेवायचे नाही, वास येतो' हे वाक्य आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या कुणाविषयी बोलले गेले? सुकटाचा वास ज्यांच्या घरात भूक चाळवतो तेही मराठीच बोलतात. वास हे निमित्त असते. मुरडायचे असते ते माणसाकडे पाहून. नाकाने कांदे सोलणारे सगळीकडे आहेत, आपल्यात जरा जास्तच.

याचे टोक पाहायचे तर 'मेफिटिक' शब्दाच्या मूळ अर्थाकडे परत जावे लागते. अँप्सँक्टसच्या दरीत जो हायड्रोजन सल्फाइड आहे तोच भारतातल्या शहरांच्या गटारांत साठतो. त्याचा कपटीपणा असा की हवेत त्याचे प्रमाण वाढून दहा लाखांत साधारण शंभर भागांपर्यंत गेले की नाक बधिर होते आणि वास यायचाच बंद होतो. आत उतरलेल्या माणसाला वाटते हवा निवळली, आणि तो कोसळतो. माणसाने हाताने मैला साफ करण्याची पद्धत बंद करण्यासाठी भारतात १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये आणखी कडक कायदा झाला. तरी गटारात उतरून माणसे मरत राहिली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. गटारात उतरवले जाणारे जवळजवळ सगळे ठराविक जातींतलेच का असतात, याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही. ते आपल्या नाकात आहे. शहराची घाण जो वाहून नेतो त्यालाच आपण घाण म्हटले, त्याच्यापासून दूर राहिलो, आणि तो कुठल्या हवेत उतरतो हे विचारायचे राहून गेले.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. वासाला नाव द्यावे, माणसाला देऊ नये. 'हा दर्प घामाचा आहे' हे वर्णन झाले. 'ती माणसे घाणेरडी' हा निकाल झाला. पहिले जितके नेमके करता येईल तितके दुसऱ्याची गरज कमी पडते.

आणि नाकाला शिकवता येते, हेही खरे. २०१८ च्या जुलैमध्ये व्हँकुव्हरच्या ब्लोडेल कॉन्झर्व्हेटरीत टायटन एरम नावाचे प्रचंड फूल उमलले. त्याला मेलेल्या जनावरासारखी कुजकटाण येते, आणि तरी ती हुंगण्यासाठी लोक रांगा लावून गेले! मुलांनो, हे फूल आपल्या सुरणाच्या कुळातले आहे, कोकणात पावसाळ्याच्या तोंडी भाजीला येणारी शेवळेही त्याच कुळातली. सुरणाच्या फुलालाही असाच वास येतो, कारण त्याला फुलपाखरांऐवजी माश्या आणि किडे बोलवायचे असतात. वसंतात इथल्या दलदलीत पिवळीजर्द 'स्कंक कॅबेज' फुलतात, त्यांचेही काम तेच. उलट ज्या मोगऱ्यावर आपण जीव टाकतो त्याच्या सुगंधात इंडोल नावाचे द्रव्य थोडे असते, आणि तेच द्रव्य विष्ठेतही असते. थोडे असले तर परिमळ, फार झाले तर नाक धरायचे. सुगंध आणि दुर्गंध यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही.

आता कामाचे बोलू. आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, वर्गासाठी. या सत्रात प्रत्येक मुलाने एक 'वासवही' करावी. आठवड्याला तीन वास, प्रत्येकापुढे मराठी शब्द आणि तो कशाचा ते. शब्द सापडला नाही तर आजीला फोन करावा. आज्यांना असले प्रश्न फार आवडतात, आणि 'जेवलास का' याच्या पुढे बोलायला काहीतरी मिळते.

दुसरी, पालकांसाठी. घरात 'स्मेली' म्हणायचे नाही. खवट तर खवट, कुबट तर कुबट. शब्द आठवत नसेल तर 'कशासारखा वास येतो?' असे मुलालाच विचारावे. 'ओल्या टॉवेलसारखा' हे उत्तरही 'यक' पेक्षा शंभर पटींनी चांगले.

तिसरी, सगळ्यांसाठी. वर्गानंतरच्या अल्पोपाहाराला प्रत्येक घराने आपल्या घरचा उग्र पदार्थ एकदा तरी आणावा. ठेचा आणा, सुकटाची चटणी आणा, हिंगाचे लोणचे आणा. आणणाऱ्याने त्याच्या वासाला योग्य शब्द सांगायचा, आणि खाणाऱ्याने नाक न मुरडता एक घास खायचा. आवडला नाही तर तसे मराठीत सांगायची मुभा आहे. फक्त 'शी' म्हणायचे नाही.

ज्यांना इंग्रजीचा अभिमान आहे त्यांच्यासाठी 'मेफिटिक' आहेच. तो स्पेलिंगच्या स्पर्धेत वापरा, स्कंकवर वापरा, गटारातल्या वायूवर वापरा. शेजाऱ्याच्या डब्यावर मात्र वापरू नका.

वासवहीतले निवडक शब्द पुढच्या अंकात छापण्याचा विचार आहे. मुलांनी ते सुवाच्य अक्षरात, काळ्या शाईने लिहून द्यावेत, म्हणजे छायाप्रत नीट निघेल.